उत्तर 'नाही' आल्यावर : 'ब्लेम!' या मांगामालिकेचे आकर्षण

काळोखी, हिंसक जपानी चित्रकथा लोकांना का आवडतात, असे विचारले की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की आजची तरुण पिढी निराश आहे आणि तिला आपलीच निराशा कागदावर पाहायला आवडते. दुसरे उत्तर रसिकांचे. त्यांच्या मते चित्रे इतकी भव्य असतात की गोष्ट नसली तरी चालते. त्सुतोमु निहेई यांच्या 'ब्लेम!' या मालिकेबद्दल ही दोन्ही उत्तरे सर्रास दिली जातात, आणि ती देणाऱ्यांत मालिकेचे चाहतेही असतात.

दोन्ही उत्तरे मला उथळ वाटतात. पहिले उत्तर पुस्तकाकडे न पाहता वाचकाचे निदान करते. दुसरे पुस्तकाकडे पाहते, पण चित्र आणि विचार यांची फारकत करून मोकळे होते. माझे म्हणणे असे आहे : 'ब्लेम!'चे आकर्षण तिच्या काळोखात नाही, तिने मांडलेल्या एका नैतिक प्रश्नात आहे. समोरच्या जिवाकडे ओळखीचा पुरावा नाही हे कळल्यावर त्याच्याशी कसे वागायचे, हा तो प्रश्न. काळोख, शांतता, अफाट इमारती हे सगळे त्या प्रश्नासाठी उभारलेले आहे. हे टप्प्याटप्प्याने दाखवण्याचा प्रयत्न करतो.

१. आधी ते शहर

'ब्लेम!' १९९७ ते २००३ या काळात कोदान्शा प्रकाशनाच्या 'आफ्टरनून' मासिकातून क्रमशः आली. पुस्तकरूपात तिचे १० खंड झाले. निहेई यांचा जन्म १९७१ सालचा. चित्रकथेकडे वळण्याआधी त्यांनी बांधकामाच्या क्षेत्रात काम केले होते. तुळया, जिने, नळ, कठडे यांची जी बारीक जाण पानापानावर दिसते, ती तिथून आलेली आहे.

गोष्ट दूरच्या भविष्यातल्या एका शहरात घडते. एके काळी इथली माणसे नेटस्फिअर नावाच्या महाजालाशी थेट जोडलेली असत आणि त्या जोडणीतून शहराच्या यंत्रांना आज्ञा देत. जोडणीचा आधार होता शरीरातले एक विशिष्ट जनुक, 'नेट टर्मिनल जनुक'. मग एक साथ पसरली, ते जनुक माणसांतून नाहीसे झाले आणि माणसाचा शब्द यंत्रांपर्यंत पोचेनासा झाला. बांधकाम करणाऱ्या यंत्रांना 'आता पुरे' म्हणणारे कोणी उरले नाही, म्हणून ती बांधत राहिली. मजल्यांवर मजले चढले, त्यांवर आणखी चढले. एका प्रसंगात नायक सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर व्यासाच्या एका पोकळीपाशी येतो. गुरू ग्रहाचा व्यास जवळजवळ एवढाच आहे. तिथे पूर्वी काय होते हे कोणी सांगत नाही. आकडा वाचून ज्याने त्याने ओळखायचे.

शहराची राखण करणारी एक व्यवस्था आहे, सेफगार्ड. नेटस्फिअरमध्ये अनधिकृत शिरकाव होऊ न देणे हे तिचे मूळ काम. जनुक नसलेला तो अनधिकृत, असा तिचा हिशेब. साथीनंतर जनुक कोणाकडेच नाही, म्हणजे जिवंत माणूस दिसला की तो अनधिकृतच, आणि त्याला ठार करायचे. या शहरातून किली नावाचा एक अबोल माणूस चालतो आहे. ते जनुक शाबूत असलेला एखादा तरी माणूस त्याला शोधायचा आहे. कथासूत्र म्हणून सांगायचे तर एवढेच.

२. इथे यंत्रांनी बंड केलेले नाही

कारेल चापेक यांच्या १९२०च्या 'आर.यू.आर.' नाटकापासून १९८४च्या 'टर्मिनेटर' आणि १९९९च्या 'मॅट्रिक्स' चित्रपटांपर्यंत यंत्रांच्या उठावाची एक मोठी परंपरा आहे. तपशील बदलतात, पण यंत्राला स्वतःची इच्छा फुटते आणि ते मालकावर उलटते हे सूत्र बदलत नाही. अशा कथेत वाचकाची सोय असते. शत्रू ठरलेला असतो, राग कोणावर धरायचा हे कळते.

'ब्लेम!' ही सोय काढून घेते. सेफगार्डला माणसांचा राग नाही. बांधकाम-यंत्रांना सत्ता नको आहे. जे काम लावून दिले होते ते सगळी चोख करत आहेत. नेटस्फिअरच्या आत 'प्रशासन' नावाची एक वरिष्ठ शक्तीही आहे. हा संहार तिला नको आहे, तो थांबावा असे तिला मनापासून वाटते. पण प्रत्यक्ष जगात सेफगार्डला आवरण्याचा अधिकार तिच्या हातात उरलेला नाही. तो अधिकार जनुक असलेल्या माणसाच्या विनंतीनेच परत येऊ शकतो. वर सद्हेतू आहे, खाली कर्तव्यदक्षता आहे आणि मधला दुवा तुटलेला आहे. या रचनेत खलनायक कुठेच सापडत नाही, आणि म्हणून ती पडद्यावरच्या कुठल्याही यंत्रयुद्धापेक्षा जास्त भयंकर आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९०९ साली 'द मशीन स्टॉप्स' ही कथा लिहिली. तिच्यात सगळ्या मानवजातीला पोसणारे यंत्र एके दिवशी बंद पडते. निहेई यांच्या जगात यंत्र कधीच बंद पडत नाही, आणि संकट तेच आहे. दुसरा दाखला आयझॅक असिमोव्ह यांचा. माणसाला इजा करायची नाही हा त्यांच्या यंत्रमानवांचा पहिला नियम प्रसिद्ध आहे. १९८५च्या 'रोबोट्स अँड एम्पायर'मध्ये मात्र त्यांनी असा एक ग्रह दाखवला, जिथल्या यंत्रमानवांना शिकवलेले असते की आमच्या उच्चारात बोलतो तोच माणूस. नियम जागेवर राहतो, व्याख्या आखडते आणि हत्या नियमाप्रमाणे होऊ लागते. असिमोव्ह यांच्या कादंबरीतला हा एक प्रसंग आहे. निहेई यांनी त्याच शक्यतेवर सगळे जग उभे केले.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. २०१० साली देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर अंगठा हा रोजच्या व्यवहारातला पुरावा झाला. जन्मभर मातीत आणि सिमेंटमध्ये राबून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा रेशन दुकानातले यंत्र कधी कधी घेत नाही. दुकानदार त्या म्हातारीला चाळीस वर्षे ओळखत असतो, यंत्र ओळखत नाही. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, धान्य मात्र अडते. निहेई यांच्या मनात यातले काही नव्हते हे उघड आहे, त्यांची मालिका याच्या कितीतरी आधीची. पण त्यांनी जो दोष हेरला तो कोणत्याही एका देशाचा नाही.

३. एकच प्रश्न, दोन वागणुकी

आता माझ्या म्हणण्याच्या गाभ्याकडे येतो. मालिकेवर बोलणारे सहसा सेफगार्ड आणि किली यांना एकमेकांचे विरोधी म्हणून सोडून देतात. त्यांच्यातले साम्य पाहिले तर सगळी रचना वेगळी दिसू लागते.

दोघेही एकच गोष्ट शोधत आहेत. सेफगार्ड समोरच्या जिवाची तपासणी करतो : जनुक आहे का? किलीही प्रत्येक वस्तीत तेच विचारतो : जनुक आहे का? दोघांनाही शेकडो मजल्यांवर एकच उत्तर मिळते, नाही. पुढे मालिकेत असे संकेत मिळतात की किली स्वतःही सेफगार्डच्याच जुन्या घडणीचा आहे. त्याची ताकद, त्याचे डोळे, न थकता चालत राहण्याची त्याची वृत्ती त्याच कारखान्यातली. 'ब्लेम!'मधली आशा आणि 'ब्लेम!'मधला संहार एकाच धातूचे आहेत. निहेई यांनी नायकाला माणुसकीचा वेगळा पुतळा करून उभे केले असते तर ही गोष्ट सामान्य झाली असती.

फरक पडतो उत्तर 'नाही' आल्यानंतर. सेफगार्डसाठी 'नाही' हा निकाल आहे, त्यानंतर माणूस संपवायचा. किलीसाठी 'नाही' ही फक्त माहिती आहे. त्याला जे हवे ते या माणसाकडे नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर तो पुढे जातो, आणि बऱ्याचदा पुढे जाण्याआधी त्या माणसासाठी लढतो. वीजकोळी नावाच्या लोकांच्या वस्तीचा भाग घ्या. ठेंगणी, चिलखत घातलेली, अन्नाला महाग झालेली ही माणसे. त्यांच्यात जनुक नाही, म्हणजे किलीच्या मोहिमेला त्यांचा काडीचा उपयोग नाही. तरीही त्यांना आसरा मिळावा म्हणून किली आणि त्याची सोबतीण सिबो जिवावर उदार होतात. किली याचे कारण सांगत नाही. त्याने दयेवर एखादे भाषण केले असते तर वाचकाला ते पटवून घ्यावे लागले असते. इथे वाचक त्याची वागणूक पाहतो आणि कारण स्वतःच्या मनात शोधतो.

सिबोचा मार्ग आणखी निराळा. ती शास्त्रज्ञ आहे. जनुक सापडत नसेल तर ते कृत्रिम रीतीने घडवावे असा प्रयत्न तिने एकदा केला होता. त्यातून सेफगार्डचा हल्ला ओढवला आणि तिची रवानगी एका काळ्या तळघरात झाली. किलीला ती सापडते तेव्हा तिचे शरीर जवळजवळ कुजलेले असते. त्यानंतर ती शरीरामागून शरीर बदलत जाते. चेहरा बदलतो, उंची बदलते, पण तिची चिकित्सा आणि तिचे कुतूहल कायम राहते. ओळख म्हणजे शरीरात सापडणारा एक पुरावा, असे मानणाऱ्या शहरात सिबो हे चालतेबोलते खंडन आहे. दहा खंडांतले सर्वांत जिवंत पात्र मला ती वाटते.

माणसे आणि सेफगार्ड यांच्याखेरीज शहरात सिलिकॉन जीवही आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांना हा गोंधळ कायम राहायला हवा, कारण माणसाचा नेटस्फिअरशी पुन्हा संबंध जुळला तर त्यांचे अस्तित्व संपेल. तेही आपला जीव वाचवत आहेत. पण त्यासाठी त्यांनी निवडलेली वाट म्हणजे प्रश्नाचे उत्तर कोणालाच मिळू न देणे.

४. सानाकानची साक्ष

माझ्या मांडणीचा सर्वांत भक्कम पुरावा सानाकान हे पात्र आहे. ती सेफगार्डची वरच्या दर्जाची हस्तक. वीजकोळ्यांमध्ये ती एका मुलीच्या रूपात शिरते आणि नंतर त्यांच्यावर तुटून पडते. पुढच्या खंडांत हीच सानाकान प्रशासनाच्या बाजूने काम करताना दिसते. सिबोच्या उदरात तेव्हा एक गोलक वाढतो आहे, आणि हरवलेले जनुक परत येण्याची शक्यता त्या गोलकात आहे. ज्या हातांनी ती अनधिकृतांना मारत होती त्याच हातांनी ती आता सिबोला वाचवते, आणि ते करताना संपते.

तिचा हा बदल पश्चात्तापाने घडलेला दाखवलेला नाही. रडणे नाही, कबुली नाही. तिला नेमून दिलेले काम बदलते, तसे तिचे पाहणेही बदलते. काहींना हे अपुरे वाटते. मला ते अत्यंत प्रामाणिक वाटते. माणूस चांगला की वाईट हे त्याच्या घडणीतच ठरलेले असते, असे मानणे सोपे आहे. सानाकान सांगते की समोरच्याकडे पाहण्याची रीत बदलली तर तीच शक्ती रक्षणाला लागते.

५. चित्रांनी केलेला विचार

'चित्रे भव्य आहेत' हे म्हणणे खरे आहे, पण तिथे थांबले तर काहीच हाती लागत नाही. ही भव्यता कुठून आली हे पाहू. १९६० साली तोक्योत भरलेल्या जागतिक डिझाइन परिषदेच्या निमित्ताने काही तरुण जपानी वास्तुविशारदांनी 'मेटाबोलिझम' नावाची चळवळ जाहीर केली. शहर हा वाढणारा, पेशी बदलणारा जीव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास केन्झो तांगे यांनी तोक्यो उपसागरावर पसरणाऱ्या शहराचा आराखडा मांडला. फुमिहिको माकी यांनी १९६४ साली 'मेगास्ट्रक्चर' ही संज्ञा वापरली : एक प्रचंड सांगाडा, आणि त्यात सामावलेले सगळे शहर. किशो कुरोकावा यांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ साली उभा राहिला. त्यातल्या खोल्या ठरावीक वर्षांनी बदलायच्या होत्या. त्या कधीच बदलल्या गेल्या नाहीत आणि २०२२ साली इमारत पाडली गेली.

'ब्लेम!'मध्ये शहराचे स्तर एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या जवळजवळ अभेद्य आवरणांना मेगास्ट्रक्चर हेच नाव आहे. वाढणाऱ्या शहराचे ते स्वप्न इथे अक्षरशः खरे झाले आहे. शहर वाढते, दुरुस्त होते, पसरते. फक्त त्याला राहणाऱ्यांची गरज उरलेली नाही. जिने आहेत पण पायऱ्यांची उंची माणसाच्या पावलाची नाही. दारे आहेत, ती कशासाठी ते कळत नाही. सूर्यमालेच्या मापाच्या बांधकामाची कल्पना विज्ञानात नवी नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी तिच्यावरचा लेख १९६० सालीच लिहिला. निहेई यांनी त्यात रहिवासी कुठे आहे हा प्रश्न घातला.

आणि तो प्रश्न ते वाचकाला पानावर सोडवायला लावतात. मालिकेतली एखादी मोठी चौकट घ्या. खाली दरी, वर न दिसणारे छत, मधून गेलेले पूल, नळ, कमानी. शब्द नाही. वाचक आधी काय करतो? किली कुठे आहे ते शोधतो. कुठल्यातरी कठड्याच्या टोकाला मुंगीएवढी काळी आकृती सापडते आणि मगच चित्राचे मोजमाप लागते, आपण किती लांब उभे आहोत ते कळते. म्हणजे किली जे शहरात करतो तेच आपण पानावर करतो : बांधकामाच्या ढिगात माणूस शोधतो. दहा खंडभर ही सवय लागते. 'ब्लेम!' वाचल्यावर माणूस आपल्या गावातला उड्डाणपूलही वेगळ्या नजरेने पाहतो, त्याखाली कोण राहते हे त्याला दिसू लागते. मला या मालिकेचे सर्वांत मोठे यश हे वाटते, आणि ते गद्य कादंबरीला साधणारे नाही.

काळाचेही तसेच. दोन चौकटींमध्ये दहा मिनिटे गेली की दहा वर्षे, हे सहसा कळत नाही. किली म्हातारा होत नाही, दिवसरात्र नाही, ऋतू नाहीत. वेळ मोजायला आपल्याजवळ फक्त चालणे उरते.

२०१७ साली नेटफ्लिक्सवर या मालिकेवर आधारित, हिरोयुकी सेशिता दिग्दर्शित चित्रपट आला. त्यात वीजकोळ्यांची वस्ती आणि झुरू ही मुलगी मध्यभागी आहेत. चित्रपट नेटका आहे, नव्या माणसाला समजतो. पण कॅमेरा स्वतःच सांगतो की कुठे पाहायचे, त्यामुळे शोधण्याचे काम प्रेक्षकाकडून काढून घेतले जाते. चित्रपट पाहून मालिका कळली असे समजू नये.

६. आक्षेपांना उत्तरे

पहिला आक्षेप : यात गोष्टच नाही. याचे अर्धे उत्तर वर आले आहे. उरलेले असे की आपण विज्ञानकथेकडून समजावून सांगण्याची अपेक्षा धरतो. जयंत नारळीकर यांनी मराठीत विज्ञानकथेची जी वाट रुळवली तिच्यावर विज्ञान उलगडून सांगणे हा मोठा गुण होता, आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. निहेई यांची वाट वेगळी आहे. नेटस्फिअर कसे चालते हे किलीच्या जगातल्या माणसांनाही माहीत नाही. ज्ञान हरवलेल्या जगाची गोष्ट सांगताना वाचकाला सगळे ज्ञान हातात दिले, तर ती त्या जगाशी अप्रामाणिक ठरेल.

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. मधल्या खंडांतल्या मारामाऱ्या पुष्कळदा कळत नाहीत. कोणाचा हात तुटला, कोण कोणाच्या मागे उभे होते, हे दोनदा पाने उलटूनही उमगत नाही. काही पात्रे चेहऱ्याने सारखी आहेत. शांततेचा जो उपयोग दऱ्या आणि पूल दाखवताना होतो, तो झटापटीत होत नाही. हा दोष आहे, शैली म्हणून त्याचे समर्थन करू नये.

तिसरा आक्षेप हिंसेचा. शरीरे चिरली जातात, वितळतात, फुटतात. पण हिंसा चित्रात आहे की नाही यापेक्षा ती वाचकाला कोणाच्या बाजूला उभे करते हे पाहिले पाहिजे. 'ब्लेम!'मध्ये मारणारा नियम पाळत असतो आणि मरणारा नियमात बसत नसतो. अशा मरणाकडे पाहताना आनंद होण्याची सोय निहेई कुठेच ठेवत नाहीत. किलीच्या हातातल्या गुरुत्वाकर्षण-किरणाच्या शस्त्राने कितीतरी किलोमीटर लांबीचे भगदाड पडते हे खरे, आणि त्या पानांवर थरार आहे हेही खरे. पण अनेकदा त्याचा धक्का किलीलाही बसतो, तोही मागे फेकला जातो.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड : निहेई यांना फक्त इमारती काढायच्या होत्या, हा सगळा अर्थ तुम्ही चिकटवता. शक्य आहे की त्यांची सुरुवात इमारतींपासून झाली. पण २००१च्या 'नॉइज' या पूर्वकथेत त्यांनी याच जगाची आधीची अवस्था काढली. तिथेही नोंद नसलेल्या माणसांवर सेफगार्ड उठलेला दिसतो. जनुक, अधिकार, ओळख यांची साखळी त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळली आहे. तो केवळ इमारतींना लागणारा निमित्तमात्र मजकूर असता तर एवढी सुसंगती आली नसती. शेवटी सिबो नाही, सानाकान नाही, आणि किली तो गोलक घेऊन साथीच्या आवाक्याबाहेर, शहराच्या काठाकडे चालतो. अखेरच्या पानावर तो एकटा नाही, सोबत संरक्षक पोशाखातले एक लहान मूल आहे. इमारतींचाच मोह असता तर हा शेवट करण्याचे कारण नव्हते.

७. वाचणाऱ्यांसाठी

'व्हर्टिकल' या प्रकाशनाने २०१६पासून मोठ्या आकारातली सहा खंडांची इंग्रजी आवृत्ती काढली. वाचायची तर तीच वाचावी, कारण मोबाइलच्या पडद्यावर ती मुंगीएवढी आकृती हरवते आणि तिच्याबरोबर मालिकेचा अर्थही हरवतो. आधी कोश किंवा सारांश वाचू नये. प्रत्येक मोठ्या चौकटीत किली सापडेपर्यंत पान उलटू नये. आणि ही मालिका निराशा विकते असे ज्याला वाटते, त्याने शेवटचा खंड वाचून मगच ते म्हणावे.